तिथीची पाऊणपट

चौथ्या ओळीत चारशे सतरा होता, आणि तो लाल होता. आमच्या कामात माणसांना नावं नसतात, नंबर असतात. पण हा नंबर मीच दिलेला. चारशे सतरा म्हणजे माझी आय, वत्सला, राहणार दातिवरे, वय बहात्तर. ओठाशी नेलेला चहा मी तसाच खाली ठेवला. रस्त्यावर कुणीतरी "अरे गाडी पीछे ले ना" म्हणून ओरडत होतं, बोईसरच्या हवेत नेहमीचा तो आंबूस वास होता, शेजारच्या टेबलावर प्रिंटर कुरकुरत होता, सगळं कालच्यासारखंच होतं, आणि तरी मला वाटलं की खोलीतल्या सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कुणी पाहिलं नव्हतं. चारशे सतरा कोण हे कुणाला माहीत असणार? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. लाल म्हणजे संशय. या माणसाची आठवण झिजायला लागली असावी, असं मशीनला वाटतं. पालघर तालुक्यातल्या सहा हजार म्हाताऱ्या माणसांच्या मनगटांना आम्ही पट्टे बांधले होते. कोण कधी उठतं, किती चालतं, किती झोपतं, ते सगळं पट्ट्यातून मुंबईला जायचं. त्यात दवाखान्याचे कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, आम्ही घरोघरी जाऊन विचारलेले प्रश्न, म्हाताऱ्यांच्या बोलण्याची रेकॉर्डिंगं. मुंबईच्या ऑफिसात मेहुल हे सगळं एकत्र मळायचा. "ताई, एका आजीवरून काही कळत नाही," तो म्हणायचा, "सहा हजार आजी एकत्र ठेवल्या की कळतं." मला ते पटायचं. गावोगावी मी तेच सांगत फिरायचे. त्या सहा हजारांतली एक आपली निघाली की मात्र काहीच पटत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

नियम असा की नात्यातल्या माणसाची नोंदणी आपण करायची नाही. मी केली होती. नोव्हेंबरात पट्ट्यांची खोकी घेऊन मी दातिवऱ्याला गेले तेव्हा एक बाई हात पुढे करेल तर शपथ. काशीबाई सगळ्यांच्या वतीने बोलली. गावात तीच बोलते, बाकीच्या माना हलवतात. "स्वाती, पयला तुज्या आयला बांध. ती धडधाकट ऱ्हायली तर मंग आमाला बांध." सगळ्या फिदीफिदी हसल्या. मी आयच्या मनगटाला पट्टा बांधला, नात्याच्या रकान्यात 'काही नाही' लिहिलं, आणि तासाभरात आणखी सदतीस बायका रांगेत उभ्या राहिल्या. मला काय आनंद झाला होता! संध्याकाळी अंधार पडायच्या आत सगळं उरकायचं म्हणून आयचे प्रश्न मी घाईघाईने विचारले होते. आय मांदेलीची डोकी खुडत होती. घरात माणसं किती, असं विचारलं तर म्हणाली, "चौघं." घरात तिघं. आय, माझा भाऊ नवशा, त्याची बायको मंगला. माझं पेन क्षणभर थांबलं. मग मी ठरवलं की ती प्रणवला धरतेय. नवशाचा प्रणव मनोरला वसतिगृहात असतो, सणासुदीला येतो, आजीच्या हिशोबात नातू असणारच. मी 'बरोबर' वर खूण केली आणि पुढचा प्रश्न विचारला. ते 'चौघं' मी तेव्हा गिळलं होतं. आता तो लाल नंबर बघताना ते घशाशी आलं.

मी यादी खालपर्यंत सरकवली आणि जीव जरासा भांड्यात पडला, कारण दातिवऱ्याच्या अडतीस बायकांपैकी एकतीस लाल होत्या. काशीबाईसुद्धा. म्हणजे ही एकट्या आयची गोष्ट नव्हती. अख्खं गाव एका हंगामात खुळं होत नाही. मी आयचा तक्ता उघडला. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर घड्याळाचे तास, आणि ज्या वेळी माणूस घराबाहेर पडून चालतं तिथे एक ठिपका. तारापूरच्या वसाहतीतल्या पेन्शनरांचे तक्ते मी पाहिलेत. सकाळी सहाला फेरी, रोज सहाला, ठिपके दोरी धरून लावल्यासारखे सरळ. आयचे ठिपके तिरके होते. आज सकाळी सहा, उद्या पावणेसात, परवा साडेसात, असे उतरत उतरत पंधरा दिवसांत संध्याकाळपर्यंत जायचे आणि पुन्हा सकाळी सहापासून सुरू. मशीनच्या मते हे माणूस दिवस-वेळ विसरलं होतं. मी त्या तिरक्या रेघेकडे बघत बसले, आणि एकदम मला बाबांच्या विडीचा वास आला. खरंच आला. बाबा, दिनानाथ, शाळेचं तोंड न पाहिलेला माणूस. त्यांना एकच पाढा यायचा, पाऊणकीचा. मी पाच-सहा वर्षांची असताना ओट्यावर बसवून त्यांनी तो माझ्याकडून घोकून घेतला होता. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. जी तिथी असेल तिची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती भरते. अष्टमीला सहा, बारशीला नऊ. आमच्या खाडीच्या तोंडाशी वाळू साचलेली. पाणी भरल्याशिवाय होडी आत शिरत नाही. म्हणून होड्या भरतीला येतात, आणि होड्या येतात म्हणून बायका मासळीच्या पाट्या घेऊन भरतीला बंदरावर जातात. रोज पाऊण तास उशिरा. बायका विसरल्या नव्हत्या, त्यांचं घड्याळ वेगळं होतं. हातच्या कांकणाला आरसा कशाला! मी तिथल्या तिथे टेबलावर थाप मारली, आणि या वेळी खरोखरच सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

मेहुलला फोन लावला. तो मुंबईत वाढलेला, समुद्र त्याला खिडकीतून माहीत. "भरती रोज सरकते?" त्याने विचारलं, आणि मला मनापासून त्याची कीव आली. "सरकते. तिथीची पाऊणपट कर." "तिथी म्हणजे ते संकष्टी, एकादशी वगैरे?" "तेच वगैरे." पलीकडे बराच वेळ नुसती कळफलकाची टकटक ऐकू येत होती. मी मनातल्या मनात पाऊणकी म्हणत होते, बाबांच्या चालीवर. मग तो ओरडला, "ताई! बसतंय! एकतीसच्या एकतीस बसतायत! दहा मिनिटांचासुद्धा फरक नाही." मला रडू आलं. लाज वाटण्यासारखं, शाळकरी मुलीसारखं रडू आलं, आणि मी सर्दी झाल्याचा बहाणा केला. तो सांगत होता की आता हे सूत्र सगळ्या किनारपट्टीला लावता येईल, हजारो माणसं उगाच लाल होणार होती ती वाचतील, अहवालात माझं नाव येईल. मी ऐकत होते आणि पडद्यावर एकेक ओळ लालची हिरवी होत होती. चौथी ओळही झाली. चारशे सतरा, हिरवी. "फक्त एक फॉर्म पाठवतो," मेहुल म्हणाला. "या एकतीस जणींना भरतीच्या वेळी बंदरावर खरंच काम असतं, एवढं तुम्ही एकेकीचं नक्की करा. हो किंवा नाही. उद्या पाचपर्यंत. पाचला यादी बंद होईल. लाल राहतील त्यांच्याकडे डॉक्टर जातील, पालघरला तपासणी होईल. हिरव्यांना आता दोन वर्षं कोणी हात लावणार नाही." "आणि लवकर सापडलं तर काय होतं?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "बरं होत नाही, ताई. पण हातात काही चांगली वर्षं राहतात. घरच्यांना तयारी करता येते. दोन वर्षांनी सापडलं तर बहुतेक तीच गेलेली असतात."

तीस 'हो' करायला मला वीस मिनिटं लागली नाहीत. प्रत्येकीची होडी मला ठाऊक. काशीबाईच्या दोन, एक तिची, एक जावयाची. कुणाच्या नवऱ्याची, कुणाच्या दिराची. कुणाची होडी नाही पण बंदरावर वाटा विकत घेऊन ती पालघरच्या बाजारात बसते. हो, हो, हो. मग शेवटी ठेवलेला चारशे सतरा आला. भरतीच्या वेळी बंदरावर काम आहे का? बोट 'हो' वर गेलं आणि काचेच्या वर, तांदळाएवढ्या अंतरावर थांबलं. आमची होडी सहा वर्षांपूर्वी विकली. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी. नवशा तेव्हापासून तारापूरच्या कारखान्यात कंत्राटावर जातो. घरात जाळं नाही, वल्हं नाही, बर्फाची पेटीसुद्धा मंगलाने कोंबड्यांना दिली. मग आय रोज पाऊण तास उशिरा कुठे जाते? मी माझ्याशीच वाद घालू लागले. सवय असेल. पन्नास वर्षांची सवय, अशी थोडीच जाते. मैत्रिणी भेटत असतील. सुकवायला बोंबील विकत घेत असेल. हे शेवटचं मला बरं वाटलं, कारण ते काम होतं, 'हो' म्हणता आलं असतं. खात्री म्हणून मंगलाला फोन लावला. मंगला मुळात कमी बोलते. "आय बंदरावर जाते ना गं रोज?" "जाते." "पाटी नेते?" "नेते की." "आणते काय?" फोनमध्ये भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "मंगला?" "रिकामीच आनते," ती म्हणाली. "धुते, पालती घालते. मंग जेवते." "तू मला सांगितलं नाहीस." "तुमी इचारलं नाय," मंगला म्हणाली, आणि त्यात राग नव्हता, म्हणून मला ते जास्त लागलं. सहा हजार घरांत विचारत फिरले होते. काखेत कळसा.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि स्कूटी काढली. संकष्टी होती. चतुर्थी, चार पाऊण तीन. तीनला भरती, पाचला यादी बंद. बोईसर ते पालघर हा रस्ता माझ्या पायाखालचा, पण त्या दिवशी प्रत्येक ट्रक मुद्दाम माझ्यापुढे येऊन रांगत होता. केळव्याच्या वाड्या लागल्या, पानवेलींचा थंडावा अंगाला लागला, तरी हेल्मेटच्या आत मी घामाने भिजले होते. मला होडी विकल्याचा दिवस आठवत होता, आणि तो आठवून मी स्वतःला धीर देत होते. वसईकडचा गिऱ्हाईक आला होता. नवशा मान खाली घालून उभा. सौदा आयने केला. त्या माणसाने इंजिनाला नाव ठेवलं तेव्हा आय म्हणाली, "इंजिन जुनं हाय तर तुजी नजर कशी नवी पडली तिच्यावर?" माणूस हसला आणि तिने मागितलं तेवढं दिलं. मग तिने होडीच्या नाळेला, पुढच्या टोकाला, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला, आणि होडी खाडीच्या तोंडाबाहेर जाईपर्यंत उभी राहिली. रडली नाही. घरी येऊन भात टाकला. एवढं ज्या बाईने आपल्या हातांनी केलं ती ते विसरेल? एडवणच्या पुढे रस्ता मोकळा झाला तसे दुसरे दिवस आठवू लागले, न बोलावता. संक्रांतीला तिने मला दोनदा विचारलं होतं, नवशा कुठे गेलाय. ताटं मांडताना एक जास्त मांडून, काही न बोलता ते परत फळीवर ठेवलं होतं. मी तेव्हा तिच्या पट्ट्याचं चार्जिंग बघत होते. चौघं. त्या चौघांत प्रणव कधीच नव्हता, आणि हे मला नोव्हेंबरातच, पेन थांबलं तेव्हाच कळलं होतं. मी मशीनला फसवलं नव्हतं, मी स्वतःला फसवलं होतं, आणि वर मशीनला पाऊणकी शिकवून आयला लपवायला जागा करून दिली होती.

बंदरावर पोचले तेव्हा पावणेतीन झाले होते. पाणी चढत होतं. बायका ओळीने पाट्या पुढे घेऊन बसल्या होत्या, सगळ्यांच्या मनगटांना माझे काळे पट्टे. मला बघून त्यांचं हसणं थांबलं. काशीबाई तेवढी म्हणाली, "आलीस?" जणू माझीच वाट बघत होती. आय टोकाला बसली होती, जिथे आमची होडी लागायची तिथे, धुतलेली पाटी मांडीशी. लुगडं नीटनेटकं, केसात अबोली. मला बघून तिचा चेहरा फुलला. "अगो, तू कवा आलीस? जेवलीस का? संकष्टी धरलीस वाटतं." मी शेजारी वाळूत बसले. तिला सगळं ठाऊक होतं. मी कोण, आज काय, माझा उपास चंद्र दिसेपर्यंत. माझ्या मनात आशेने उडी मारली. "आय, भरती कितीला?" मी विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं, बाबा पाढा चुकल्यावर बघायचे तसं. "आज चौथ. चार पाऊण तीन. इसरलीस काय?" नाही विसरले, मी म्हणाले, आणि पुढचा प्रश्न माझ्या जिभेवर येऊन बसला. सहा हजार लोकांना परकं राहून प्रश्न विचारलेत मी. हा एक विचारताना मी वाळूकडे बघत होते. "कोणाची वाट बघतेस?" "कोनाची म्हंजे?" आय म्हणाली, अगदी रोजच्या आवाजात, पदराने पाटीतली वाळू झटकत. "तुज्या बापाची. येल झाली त्याची."

पहिली होडी खाडीच्या तोंडाचा वाळूचा दांडा ओलांडून आत आली. मग दुसरी, तिसरी. एकेक बाई उठून आपापल्या होडीकडे जात होती, पाणी गुडघ्यापर्यंत, ओरडा, बर्फ, मासळीची चमक. आमच्या बाजूला कुणी आलं नाही. आय मान उंच करून प्रत्येक होडीची नाळ बघत होती, आणि होडी आपली नाही असं दिसलं की मान थोडी खाली यायची, थोडीच. पाटी भरून काशीबाई आमच्यासमोरून चालली तेव्हा आयने विचारलं, "काशे, आमची?" काशीबाई थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, सरळ, डोळ्यांत डोळे घालून, आणि आयला म्हणाली, "मागून हाय गो, वत्सले. मागून हाय." तिच्या मागच्या बाईने मान हलवली. तिच्या मागचीनेही. हे रोज चालत होतं. तीस हिरव्या बायका रोज पाऊण तास उशिरा माझ्या आयला सांगत होत्या की होडी मागून आहे, आणि कुणाच्या पट्ट्यात ते उमटत नव्हतं. मला काशीबाईचा राग आला आणि तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. ती जाताना माझ्या कानाशी वाकली. "आमी काय बोलायचं हुतं?" ती हळू म्हणाली. "नाय आता येनार म्हनून सांगायचं? ते रोज सांगावं लागेल, पोरी. रोज तिचा नवरा मरेल."

चार वाजून गेले. बंदर रिकामं झालं, पाणी उतरायला लागलं, खवल्यांवर कावळे बसले. मी फोन काढला. तो फॉर्म तसाच होता, एकच ओळ रिकामी. 'हो' म्हटलं तर आय या वाळूत दोन वर्षं सुखात बसेल, कुणी डॉक्टर येणार नाही, नात्याचा रकाना कुणी उघडणार नाही, माझी नोकरी शाबूत, काशीबाई रोज सांगेल मागून हाय. 'नाही' म्हटलं तर उद्या डॉक्टरांच्या गाडीतून कुणीतरी उतरेल आणि आयला विचारेल घरात माणसं किती, आणि ते माणूस ते 'चौघं' गिळणार नाही. आयने माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं नाही. ती खाडीच्या तोंडाकडे बघत होती. तिचा हात माझ्या गुडघ्यावर आला, मासळी साफ करून करून खरखरीत झालेला, गरम. "मागून हाय ना गं?" तिने विचारलं. तिच्या आवाजात त्या दिवशी पहिल्यांदा भीती होती, आणि मला कळलं की तिलाही कुठेतरी माहीत आहे, आणि ती माझ्याकडून ऐकायला थांबलीय. "हाय," मी म्हणाले. "मागून हाय, आय." आणि ते म्हणताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मी 'नाही' दाबलं. खाली एक चौकट उघडली, कारण लिहा. मी लिहिलं, होडी सहा वर्षांपूर्वी विकली, नवरा सात वर्षांपूर्वी वारला, घरात तीन माणसं आहेत, ती चार सांगते, नोव्हेंबरातली माझी खूण चूक आहे. मग जुना रकाना उघडून 'काही नाही' पुसलं आणि लिहिलं, मुलगी. पाठवलं. चार वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

आय उठली. गुडघ्यांवर हात देऊन, हळू. पाटी उलटी करून झटकली, कडेवर घेतली, आणि एकदा, फक्त एकदा मागे वळून पाण्याकडे पाहिलं. "आज नाय आला," ती म्हणाली. मी पाटी घ्यायला हात पुढे केला, तिने दिली नाही. दोन पावलं गेल्यावर तिनेच माझा हात धरला, लहानपणी बंदरावरून परतताना धरायची तसा, मनगटाला, गच्च. "चल. मंगला वाट बगत असेल. उद्या पंचिम," ती म्हणाली. "पाच पाऊण पावनेचार. उद्या तू जेवून ये."